पहिली बॅकयार्ड अल्ट्रा झाली, ९ दिवस झाले तरी अंग ताळ्यावर येत नाहीये

पार्लेकर_पळपुटा

मंडळी जरा सल्ला हवाय. गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी कर्जतच्या बाजूला एका फार्मवर बॅकयार्ड अल्ट्रा पळलो, आयुष्यातली पहिलीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दर तासाला ६.७ किमीची एक लूप, म्हणजे फेरी, मारायची, ती तासाच्या आत संपवायची, उरलेल्या मिनिटांत काय खायचं प्यायचं ते उरकायचं आणि पुढचा तास सुरू झाला की परत लायनीत हजर, असं शेवटचा एकच माणूस उरेपर्यंत. माझ्या १३ झाल्या, म्हणजे ८७ किमी. याआधी मॅरेथॉनच्या वर एक पाऊल टाकलं नव्हतं.

सुरुवातीच्या लूप ४४ मिनिटांत येत होत्या, मस्त १५-१६ मिनिटं खुर्चीत बसायला मिळायची, वाटलं हे तर सोपंय. नवव्यानंतर गोड काही घशाखाली उतरेना, एनर्जी जेल बघितलं तरी मळमळायचं. मग मेव्हण्याने घरून आणलेल्या डब्यातला वरणभात त्यात मीठ-लिंबू पिळून दिला तो गेला. तेरावी संपली तेव्हा संध्याकाळचे सात वाजायला आलेले, अंधार, मेव्हणा हेडलॅम्प हातात घेऊन उभा. पुढच्या लूपला तीन मिनिटं उरली की तीन शिट्या, दोनला दोन, एकला एक. तीन शिट्या झाल्या, दोन झाल्या, एक झाली, घंटा वाजली आणि मी खुर्चीतच. पाय दुखत होते पण इतके नाही हो. उठलोच नाही बस. मेव्हणा काही बोलला नाही, हेडलॅम्प बंद केला फक्त.

आता मुद्दा. दुसऱ्या दिवशी दादरचा पूल रेलिंग धरून आडवा आडवा उतरलो ते ठीक, चार दिवसांत पाय मोकळे झाले. पण पहिले तीन-चार दिवस रात्री बरोब्बर तासातासाला जाग, घामाने उशी ओली. रेस्टिंग हार्टरेट एरवी ५४, आता ६३-६४. सहाव्या दिवशी जुहूला ५ किमी हळूच पळून बघितलं तर जिथे १४५ असतो तिथे १६५. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला अजून जवळपास महिना आहे. ट्रेनिंग सुरू करू की नको? आणि ऑफिसच्या फुकट हेल्थ चेकअपमध्ये परवा एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ती एन्झाइम्स) वाढलेलं आलंय, बायको म्हणते लिव्हर गेलं तुझं.

घाटातला_कासव

भाऊ आधी अभिनंदन, पहिल्या वेळेला दोन आकडी लूप म्हणजे चेष्टा नाही. निकालात नावापुढे डीएनएफ (डिड नॉट फिनिश, म्हणजे रेस अपूर्ण) आहे म्हणून खट्टू होऊ नका, या प्रकारात शेवटचा सोडून सगळेच डीएनएफ. आणि त्या शेवटच्यालाही एकट्याने एक जास्तीची लूप पूर्ण करावी लागते, नाहीतर कोणीच जिंकत नाही. अमेरिकेतल्या टेनेसीच्या लाझारस लेक नावाच्या रेस आयोजकाच्या डोक्यातून निघालेलं आहे हे, त्याच्या कुत्र्याच्या नावाने रेस आहे तिथे. ६.७ हा विचित्र आकडाही तिथूनच, २४ तासांत बरोबर १०० मैल व्हावेत म्हणून. २०२३ ला हार्वी लुईस तिथे १०८ लूप पळला, साडेचार दिवस. जपमाळ ओढली म्हणा ना.

तुमचं चुकलं ते ४४ मिनिटांत. १६ मिनिटं बसून अंग थंड होतं, आखडतं, आणि प्रत्येक वेळी नव्याने गाडी स्टार्ट करावी लागते. ५०-५२ ला या, चढ पहिल्या लूपपासूनच चाला, ताकद आहे तेव्हाच चाला. आपल्याकडच्या दमट हवेत तर हे दुप्पट लागू.

मॅरेथॉनचं म्हणाल तर पाय मोकळे झाले म्हणजे बरे झालो असं नसतं, स्नायू बोलतात, बाकीचं अंग गप्प बसतं. सकाळचा हार्टरेट नेहमीच्या जवळ येऊन तीन-चार दिवस टिकेपर्यंत पळूच नका. आरेच्या जंगलात चाला सकाळी, पण उजाडल्यावर, बिबट्याबरोबर इंटरव्हल (जोरात-हळू आलटून पालटून पळणं) नकोत. जानेवारीत उतरलात तर टायमिंग विसरून उतरा.

डॉ_चहावाली

मी मेडिसिनमध्ये आहे पण इथे बसून नाडी बघता येत नाही तेव्हा हे जनरल समजा. एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही स्नायूंमध्येही असतात, विशेषतः एसजीओटी, त्यामुळे इतकं पळल्यावर ते वाढलेले दिसणं साहजिक आहे. बायकोला सांगा लगेच घाबरू नका, डॉक्टरांना पळाल्याचं सांगून सीपीके (स्नायूंना किती मार बसलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि दोन-तीन आठवडे आराम करून सगळं परत तपासा. चेकअपवाल्यांना कोणी सांगतच नाही की परवा ८७ किमी पळून आलोय, आणि मग पुढे सोनोग्राफी वगैरे सुरू.

आता खरं विचारायचं ते, लघवीचा रंग कसा होता? कोकाकोलासारखा झाला असेल तर तो उशीर करायचा प्रकार नाही, तेव्हाच हॉस्पिटलात जायचं असतं. एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय असं असेल तरी आजच दाखवा. रात्रीचा घाम अजून चालू असेल किंवा ताप असेल तरीही. आणि पळताना पेनकिलर घेतलीत का? अंगात पाणी कमी, तासन्तास पळणं आणि वर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, हे एकत्र आलं की किडनीचं कठीण होतं. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही वाईट, सोडियम उतरतं, तुमचा मीठ-लिंबू वरणभात त्यादृष्टीने बेस्ट होता.

डोंबिवली_फास्ट_चुकली

म्हणजे पैसे भरून दर तासाला निघायचं आणि फिरून त्याच जागी यायचं? आमच्या साहेबांकडे या, ते पगार देतात त्याचा 😂

क्रूवाली_वहिनी

नवऱ्याच्या दोन बॅकयार्डना मी क्रू, म्हणजे खाणंपिणं बघणारी मदतनीस, होते म्हणून बोलते. ती खुर्ची फार वाईट. मागे टेकायची तर मुळीच देऊ नये. आमच्याकडे पाच मिनिटांच्या वर बसू देत नाही, आणि कसं वाटतंय असं विचारायचंच नाही, विचारलं की रडगाणं सुरू. नुसतं हातात द्यायचं, उकडलेला बटाटा मीठ लावून, पेज, कोकम सरबत, आणि बोटांना व्हॅसलीन चोपडून ढकलायचं. तुमचा मेव्हणा गप्प राहिला तो भला माणूस आहे पण क्रू म्हणून नापास 😄

घरी आल्यावर आमच्या ह्यांचीही झोप आठवडाभर अशीच होती, तासाला टुणकन उठायचे. दुपारी झोपा, भरपूर जेवा, या महिन्यात वजन बघू नका.

पार्लेकर_पळपुटा

सगळ्यांना धन्यवाद, डॉक्टर तुम्हाला विशेष, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. रंग ठीक होता, दुसऱ्या दिवशी सकाळी जरा गडद पिवळा, मग नॉर्मल. पोटरी, ताप काही नाही, घामही थांबलाय. पेनकिलर एक घेतली होती, अकराव्या लूपला, आता कळतंय. सीपीकेसाठी उद्या फॅमिली डॉक्टरांकडे जातो. आज सकाळी हार्टरेट ६१, आरेत एक तास नुसता चालून आलो, कोणी कोणी मागून पळत पुढे गेलं तर हात शिवशिवले पण गप्प राहिलो.

वहिनी, मेव्हण्याला नापासचा निकाल कळवला. तो म्हणतो पुढच्या वेळी खुर्ची आणणारच नाही, स्वयंपाकघरातलं स्टूल आणतो, त्याचा एक पाय आधीच डुगडुगतो.