‘माती’ म्हणजे दफनच का?

संत्र्याची बाग: मामाच्या आठवणी टाइप करून देतोय. गाव काटोल तालुक्यातलं, काळ १९६०च्या आसपासचा. त्याचं वाक्य असं: ‘पाटलाच्या मातीले सारा गाव होता. पावसानं लाकडं ओली, रॉकेल दोनदा आनलं.’ पुण्याच्या मुद्रितशोधक बाईंनी ते केलं, ‘पाटलांच्या दफनविधीस सारा गाव उपस्थित होता.’ पुढची लाकडं आणि रॉकेल मात्र तसंच! फोन केला तर म्हणाल्या, माती पुरताना देतात, जाळलेल्याची माती कशी होईल? मलाही लगेच उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे ‘आज कोनाची माती हाय?’ हाच प्रश्न. मग जाळोत की पुरोत.

ऱ्हस्वदीर्घ: बाई चुकल्या, पण तुमचंही बरोबर नाही. ‘अंत्यविधी’ हा सरळ शब्द असताना बोलीचा हट्ट कशाला? ही हिंदीतली ‘मिट्टी’ आहे. नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी झिरपणारच.

माणदेशी: आटपाडीला कधी हिंदी झिरपली हो? आमच्यातही ‘मातीला गेलतो’ असंच म्हणतात. भांडणात ‘माझ्या मातीलाबी येऊ नको’ म्हणणाऱ्या चुलत्याला शेवटी जाळलंच की. (ज्याला येऊ नको म्हटलं होतं, तोच पुढं खांदा द्यायला.)

रामटेकची लेक: आमच्या आजीच्या तोंडी ‘माती’ म्हणजे विधी नव्हे, प्रेतच. ‘घरात माती हाय, चूल पेटवू नका.’ माती उठेपर्यंत शेजारचीही चूल बंद. परतलेल्यांनी दारात कडुलिंबाचा पाला चावायचा, मगच घरात. रात्री जीव गेला त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं आणि सकाळी पिठात पाऊल शोधायचं, म्हणजे पुढचा जन्म कळतो. आज्याच्या पिठात मांजराचं पाऊल निघालं. आजीनं त्या मांजराला दोन दिवस दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी त्यानं दही सांडलं, तेव्हा ‘मसण्या’ म्हणून फुंकणीनं हाणलं.

ऱ्हस्वदीर्घ: किस्सा छान आहे. व्युत्पत्ती?

डोंगरगाव: माझ्या मते शब्द फार जुना. नागपूरहून काटोल रोडनं जुनापाणीला जा. मोठमोठ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत तिथं. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकनं १८७९मध्ये त्यांच्यावर लिहिलं होतं. ती लोहयुगातली दफनं. नागपूरजवळच्याच माहुरझरीला तर घोडासुद्धा पुरलेला सापडला, साजासकट. म्हणजे आपल्याकडे आधी पुरतच होते, जाळणं नंतर आलं. रीत बदलली, शब्द राहिला.

माणदेशी: तेव्हा मराठी कुठं होती भाऊ? घोड्यानं सांगितला काय शब्द?

डोंगरगाव: मी ‘माझ्या मते’ म्हटलंय.

झाडीपट्टी: एवढं मागं कशाला जाता? गोंडांत, लिंगायतांत आजही पुरतात. तान्ह्या लेकराला तर सगळेच पुरतात. आमच्याकडे पुरलं तर भूमिडाग, जाळलं तर अग्निडाग. माती मात्र दोघांचीही.

ऱ्हस्वदीर्घ: भूमिडाग हा शब्दच चूक. डाग म्हणजे दाह. मातीत पुरलेल्याला दाह कसला?

झाडीपट्टी: हेच तर! जाळलेल्याची माती चालत नाही तुम्हाला, अन् पुरलेल्याचा डागही नाही. मग मेल्यावर मानसानं करावं तरी काय?

रामटेकची लेक: 😀 मुंबईच्या सुनेची गंमत सांगते. ‘सासरे कुठे गेले?’ तर ‘घाटावर.’ तिला वाटलं, सातारा-कोल्हापूरकडे गेले. दुपारी दोनला दारात ओल्या धोतरानं उभे राहिले, तेव्हा तिला अंबाझरी घाट कळला.

माणदेशी: पुण्यात ‘वैकुंठात गेलेत’ म्हणतात आणि माणूस तासाभरात परत येऊन चहा मागतो. आमचा विसावा त्याहून बरा. अर्ध्या वाटेत ताटी टेकवायची, खांदेकरी बदलायचे, तो दगडही ठरलेला असायचा.

ऱ्हस्वदीर्घ: ताटी नव्हे, तिरडी. ताटी म्हणजे कुडाचं दार. मुक्ताबाईनं उघडायला सांगितली ती.

माणदेशी: दोन्ही बांबूचीच. एकीतून माणूस आत येतो, दुसरीवरून बाहेर जातो.

डोंगरगाव: ‘तिरडी’ त्रिदंडीवरून आली असावी का?

झाडीपट्टी: तुम्ही घोड्याकडेच जा.

संत्र्याची बाग: मंडळी, माझं वाक्य? शनिवारी पानं द्यायची आहेत. सध्या मामाचं ‘मातीले’ तसंच ठेवलंय आणि लाकडांच्या आधी ‘घाटावर’ हा एक शब्द घातलाय. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, ‘घाट कुठचा? नाल्यावर जाळलं होतं.’ आता तोही शब्द काढला. बाईंचा परत निरोप आहे: पुढच्या पानावर ‘तेरवी’ऐवजी ‘तेरावा’ केलं तर चालेल का?

रामटेकची लेक: मुळीच नाही. तेरावा हा दिवस. तेरवी जेवतात.

ऱ्हस्वदीर्घ: प्रमाण मराठीत ‘तेरावे’, नपुंसकलिंगी.