४३ दिवसांचा शटडाऊन: अर्थसंकल्पावरचा वाद सरकार बंद पडेपर्यंत का ताणला जातो?

शोधयात्री

अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अंशतः बंद होते. ४३ दिवसांचा हा शटडाऊन तेथील तोवरच्या इतिहासात सर्वांत लांबलेला ठरला. आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर मिळणारी वाढीव सवलत २०२५ अखेर संपत होती. ती पुढे चालू ठेवल्याशिवाय खर्चाच्या विधेयकाला पाठिंबा देणार नाही, अशी डेमोक्रॅटिक पक्षाची भूमिका होती. आधी सरकार सुरू होऊ द्या, सवलतीचे नंतर पाहू, असे रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे होते. अखेर ३० जानेवारी २०२६ पर्यंतच्या तात्पुरत्या निधीवर तडजोड झाली आणि सवलतीच्या प्रश्नावर सिनेटमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन तेवढे मिळाले.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एका धोरणावर दोन पक्षांचे पटले नाही, तर त्यापायी त्या धोरणाशी काडीचाही संबंध नसलेली कार्यालये का बंद पडावीत? अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहांतले बहुमत रिपब्लिकनांकडे असताना त्यांची अडवणूक होऊच कशी शकली? आणि दुसरे म्हणजे, इतके ताणून धरल्यावर कोणाच्या पदरात नेमके काय पडते? दोष कोणाचा यावर भरपूर लिहिले गेले आहे. ही यंत्रणा कशी चालते हे कोणी नीट उलगडून सांगितले, तर आभारी राहीन.

नीरक्षीर

आपला पहिला प्रश्न मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्यालाच आधी हात घालतो.

कायद्याने मंजूर केल्याखेरीज तिजोरीतून एक पैही काढता येणार नाही, ही तरतूद अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. मंजुरीपेक्षा अधिक खर्चाची बांधिलकी अधिकाऱ्यांनी स्वीकारू नये, असा कायदाही एकोणिसाव्या शतकापासून अस्तित्वात आहे. तरीही १९८० पर्यंत निधीला मंजुरी मिळण्यास उशीर झाला, म्हणून कोणी कार्यालयांना कुलपे लावत नसे. खाती हात आखडता घेत, नवी कामे पुढे ढकलत आणि मंजुरी आज ना उद्या येईलच असे गृहीत धरून दैनंदिन काम चालू ठेवत. १९७० च्या दशकात असे खंड वारंवार पडले, पण सामान्य नागरिकाला त्यांची फारशी झळ बसली नाही.

एप्रिल १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा अक्षरशः अर्थ लावून मत दिले की, मंजुरी संपताच खात्याने काम थांबवलेच पाहिजे. पुढच्याच महिन्यात व्यापारावर देखरेख ठेवणारे फेडरल ट्रेड कमिशन एक दिवस बंद राहिले. जानेवारी १९८१ च्या दुसऱ्या मतात त्यांनी मनुष्यजीविताची सुरक्षितता आणि मालमत्तेचे रक्षण यांसाठीच्या कामांना मुभा दिली. आज विमानतळावरचा सुरक्षा कर्मचारी बिनपगारी का होईना, कामावर येतो आणि संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ मात्र सक्तीच्या रजेवर घरी बसतो, हा भेद तिथूनच आला. म्हणजे आज ज्याला आपण शटडाऊन म्हणतो, त्याचा साचा घटनाकारांनी घडवलेला नाही. एका जुन्या कायद्याच्या ४५ वर्षांपूर्वीच्या अन्वयार्थाने तो घडला आहे, हे या साऱ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता बहुमताविषयी. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तोपर्यंत खर्चाला मंजुरी देणारी बारा विनियोजन विधेयके संमत व्हावी लागतात. ती सर्व वेळेवर संमत होण्याचा प्रसंग १९९६ नंतर आलेला नाही, म्हणून तात्पुरत्या ठरावांवर गाडा ओढला जातो. सिनेटमध्ये अशा ठरावावरची चर्चा थांबवून मतदानापर्यंत जायलाच १०० पैकी ६० मते लागतात. रिपब्लिकनांकडे ५३ सदस्य होते आणि त्यांपैकी रँड पॉल विरोधात होते. उरलेल्या ५२ जणांना डेमोक्रॅटिक गटातून आठ जण मिळाले, तेव्हा कुठे बरोबर ६० चा आकडा गाठला गेला. त्यापूर्वी प्रतिनिधीगृहाने संमत केलेला ठराव सिनेटमध्ये १४ वेळा अडला होता. ६० मतांची अटच रद्द करा, असा ट्रम्प यांनी जाहीर आग्रह धरला. सिनेटमधले त्यांच्याच पक्षाचे नेते जॉन थून यांनी तो मानला नाही. आपला पक्ष उद्या अल्पमतात गेला तर हीच अट आपली ढाल ठरेल, हे जुन्या सिनेटरांना पक्के ठाऊक असते.

संसदीय पद्धतीत हा पेच उद्भवत नाही, कारण अर्थसंकल्पावर हरलेल्या सरकारला सत्ताच सोडावी लागते आणि मधल्या काळासाठी लेखानुदानाची सोय असते. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, यांचा कार्यकाळ ठरलेला. भांडण विकोपाला गेले तरी कोणाचीच खुर्ची जात नाही.

उत्तररंग

नीरक्षीर यांनी यंत्रणा छान मांडली आहे. मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण गेल्या तीस वर्षांचा अनुभव पाहिला तर उत्तर बरेच स्पष्ट आहे: ज्याने शटडाऊनचा आधार घेऊन मागणी रेटली, त्याला ती मागणी जवळजवळ कधीच मिळालेली नाही.

१९९५-९६ मध्ये प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखालील रिपब्लिकनांनी क्लिंटन यांच्याशी दोन टप्प्यांत झुंज दिली आणि दुसरा टप्पा २१ दिवस चालला. मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेतील कपात त्यांना रेटता आली नाही, आणि क्लिंटन वर्षअखेरीस पुन्हा निवडून आले. २०१३ मध्ये ओबामा यांचा आरोग्य विमा कायदा रोखण्यासाठी १६ दिवस कामकाज बंद पाडले गेले. तो कायदा ज्या विमा बाजारपेठेवर उभा होता, ती मात्र त्याच १ ऑक्टोबरला सुरू झाली, कारण तिचा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबून नव्हता. जे थांबवायचे ते चालू राहिले आणि राष्ट्रीय उद्याने बंद पडली. २०१८-१९ मध्ये ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले, ३५ दिवस माघार घेतली नाही आणि शेवटी १.३७५ अब्जांच्या विधेयकावर सही केली. उरलेल्या पैशांसाठी त्यांनी त्याच दिवशी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, म्हणजे काँग्रेसला वळसाच घातला.

जानेवारी २०१८ चा तीन दिवसांचा शटडाऊन आज फारसा कोणाला आठवत नाही, पण २०२५ शी त्याचेच सर्वाधिक साम्य आहे. लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या स्थलांतरितांना संरक्षण मिळावे म्हणून डेमोक्रॅट अडून बसले आणि सिनेटमध्ये विषय चर्चेला घेण्याच्या आश्वासनावर त्यांनी माघार घेतली. फेब्रुवारीत मतदान झाले आणि एकाही प्रस्तावाला ६० मते मिळाली नाहीत. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडले. आश्वासनाप्रमाणे ११ डिसेंबरला विमा सवलतीवर मतदान झाले, बाजूने ५१ आणि विरोधात ४८ मते पडली, पण ६० चा आकडा न गाठल्याने प्रस्ताव पडला. मतदानाचे आश्वासन म्हणजे निकालाचे आश्वासन नव्हे, हे सात वर्षांपूर्वी कळलेले असताना पुन्हा त्यावरच तडजोड करणे मला अनाकलनीय वाटते.

दीपस्तंभ

उत्तररंग यांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. मागणी मान्य झाली की नाही, या एकाच मापाने २०२५ चा प्रसंग मोजता येणार नाही.

थोडे मागे जावे लागेल. मार्च २०२५ मध्ये सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते चक शूमर आणि त्यांच्या पक्षाच्या काही सिनेटरांनी तात्पुरत्या निधीचा मार्ग मोकळा करून दिला आणि त्याबद्दल स्वपक्षीयांचा प्रचंड रोष पत्करला. त्यानंतर जुलैत काय झाले, तर आधी दोन्ही पक्षांनी मिळून मंजूर केलेला सुमारे ९ अब्ज डॉलरचा निधी, ज्यात परदेशी साहाय्य आणि सार्वजनिक प्रसारण यांचा पैसा होता, रिपब्लिकनांनी साध्या बहुमताने परत घेतला. ऑगस्टच्या अखेरीस व्हाइट हाऊसने आणखी सुमारे ४.९ अब्ज डॉलर रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला, आणि तोही अशा वेळी की काँग्रेसने काही करण्याआधीच आर्थिक वर्ष संपून निधी आपोआप बुडावा.

याचा अर्थ लक्षात घ्यावा. खर्चाच्या विधेयकाला ६० मते लागतात म्हणून विरोधकांशी बोलणी करायची, देवाणघेवाण करायची आणि नंतर ५१ मतांनी त्यातला नकोसा भाग कापून टाकायचा, असे चालणार असेल तर तडजोडीला अर्थच उरत नाही. ज्या करारावर विसंबता येत नाही, त्यावर सही कोण करील? विमा सवलत ही जाहीर मागणी होती आणि ती खरीही होती. सुमारे २.२ कोटी लोक तिचा लाभ घेत होते, आणि ती संपल्यास त्यांचा सरासरी वार्षिक हप्ता दुपटीहून अधिक होईल असा आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेचा अंदाज होता. पण अविश्वास त्याहून खोल होता.

आणि काहीच पदरात पडले नाही, असेही नाही. शटडाऊनच्या काळात सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांना धाडलेल्या कपातीच्या नोटिसा करारान्वये रद्द झाल्या आणि ३० जानेवारीपर्यंत नव्या कपातीला बंदी आली. केंद्रीय कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन यांनी या अटीवरच मत दिले. अर्थात या नोटिसा शटडाऊन नसता तर निघाल्या असत्या का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डेमोक्रॅटांना सोयीचे नाही.

शोधयात्री

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. दीपस्तंभ यांचा अविश्वासाचा मुद्दा मला पटतो, पण त्याची किंमत कोणी मोजली, हे कोणीच लिहिलेले नाही. शिवाय पक्षांनी भांडत राहावे, पण जुना निधी आपोआप चालू राहावा, असा साधा कायदा करण्यात अडचण कोणती?

अरुंधती

किमतीबद्दल मी लिहिते. माझे नातलग मेरीलँडमध्ये राहतात आणि त्या भागात सरकारी पगारावर चालणारी घरे गल्लोगल्ली आहेत. तेथे पगार पंधरा दिवसांनी होतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पगारात सप्टेंबरमधल्या दिवसांचा काही भाग आला आणि खरा फटका महिनाअखेरीस बसला, जेव्हा पूर्ण पगार चुकला. घरभाडे आणि गाडीचा हप्ता मात्र १ तारखेला द्यावाच लागतो. थकलेला पगार नंतर मिळावा असा कायदा २०१९ मध्ये झाला आहे, पण या वेळी तो आपोआप लागू होत नाही असा सूर व्हाइट हाऊसमधून निघाला आणि करारात लेखी हमी येईपर्यंत लोकांची झोप उडाली.

त्या कायद्याच्या कक्षेत जे येतच नाहीत, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते. सरकारी इमारतीत झाडलोट करणारे, उपाहारगृहात काम करणारे, दारावर उभे राहणारे रखवालदार हे बहुधा कंत्राटदाराचे नोकर असतात. इमारत बंद म्हणजे काम बंद, आणि बुडालेले दिवस बुडालेलेच. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला सहा आठवड्यांचा पगार एकरकमी मिळतो आणि ते टेबल रोज पुसणाऱ्या बाईंना काहीही मिळत नाही.

अन्नसाहाय्याचे सुमारे ४.२ कोटी लाभार्थी होते. नोव्हेंबरची रक्कम द्यायची की नाही, यावर न्यायालयांत खल चालू होता आणि तोवर माणसे धर्मादाय अन्नवाटप केंद्रांपुढे रांगा लावत होती. सैनिकांच्या पगारासाठी मात्र संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून पैसे वळवले गेले, शिवाय एका खासगी देणगीदाराचे १३ कोटी डॉलरही स्वीकारले गेले. इच्छा असली की वाट निघते, पण ती कोणासाठी काढायची हे व्हाइट हाऊसने ठरवले.

नीरक्षीर

अरुंधती यांचा प्रतिसाद वाचून मला आकडेवारीतली एक बाब जोडाविशी वाटते. सहा आठवड्यांच्या शटडाऊनमुळे सुमारे ११ अब्ज डॉलरचे उत्पादन कायमचे बुडेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. सरकारी पैसा नंतर खर्च होतो, पण न झालेले काम भरून निघत नाही.

आता स्वयंचलित निधीबद्दल. ही कल्पना नवी नाही. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी अशी विधेयके अनेकदा मांडली, पण एकही कायद्यापर्यंत पोचले नाही. खर्चाच्या समित्यांचा याला दोन्ही पक्षांतून विरोध असतो आणि तो निव्वळ स्वार्थापोटी नाही. जुना निधी आपोआप चालू राहिला, तर नवे विधेयक संमत करण्याची निकड संपते. कालबाह्य योजनांना पैसा मिळत राहतो, नव्या गरजांना मिळत नाही, आणि ज्या पक्षाला खर्च आहे तिथेच गोठवायचा आहे त्याला नुसते स्वस्थ बसून आपले उद्दिष्ट साधता येते.

हा आक्षेप मला गंभीर वाटतो, पण निर्णायक वाटत नाही. अमेरिकेतच शेजारी असलेल्या दोन राज्यांकडे पाहावे. विस्कॉन्सिनमध्ये नवा अर्थसंकल्प वेळेवर झाला नाही, तर जुनीच तरतूद पुढे चालू राहते. तेथेही पक्षीय वैर कमी नाही आणि अर्थसंकल्पाला अनेकदा उशीर होतो, पण कार्यालये उघडी असतात. मिनेसोटात अशी सोय नव्हती, आणि २०११ च्या जुलैत राज्यपाल आणि विधिमंडळ यांच्या वादात तेथील सरकार २० दिवस बंद राहिले. काँग्रेसने विस्कॉन्सिनचा नियम स्वीकारला, तर दीपस्तंभ म्हणतात तो अविश्वास मिटणार नाही. त्यासाठी मंजूर निधी परत घेण्याच्या १९७४ च्या कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल. पण अरुंधती यांनी उल्लेखलेल्या त्या बाईंची रोजी तरी त्या भांडणात बुडणार नाही.