मराठी शाळेतून इंग्रजी शाळेत आलेल्या मुलाचा बुद्ध्यांक : अहवाल कसा वाचायचा? मदत हवी आहे

नमस्कार. मुलाच्या बुद्धिमापन चाचणीबद्दल मार्गदर्शन हवं आहे. सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला नेमका अंदाज येईल.

मुलगा आठ वर्षांचा. दुसरीपर्यंत वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत होता. तिथे बाई त्याच्यावर खूश असायच्या. यजमानांची बदली झाली आणि गेल्या जूनपासून आम्ही हैदराबादला आलो. इथे इंग्रजी माध्यमात तिसरीत घातलं. वर्गात गप्प असतो, वही अर्धवट राहते, तोंडी प्रश्न विचारला की मान खाली घालतो. दिवाळीनंतर शाळेने 'आयक्यू करून आणा' म्हणून सांगितलं. एका खासगी केंद्रात मॅलिनची चाचणी (मिसिक) झाली. सूचना इंग्रजीत, अडला की हिंदीत.

आकडे असे : शाब्दिक ७४, कृतीचा भाग १०२, एकूण ८८. शब्दार्थ आणि सामान्य माहितीत सगळ्यात कमी, ठोकळ्यांच्या रचनेत सगळ्यात जास्त. शेवटी एकच ओळ : 'स्लो लर्नर'. त्यावरून शाळा आता म्हणते की पुढच्या वर्षी पुन्हा तिसरीतच बसवू.

घरी आल्यावर त्याने मला काही प्रश्न सांगितले. चाचणीतले प्रश्न उघड करू नयेत हे माहीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही. पण त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्याने मला मराठीत अगदी नीट दिली. हाच मुलगा गावी आजोबांसोबत कापसाच्या गाड्यांचा हिशोब तोंडी करतो.

त्यात मी स्कॉटलंडबद्दल वाचलं. तिथे १९३२ साली अकरा वर्षांच्या मुलांची देशभर एकच चाचणी घेतली होती, आणि त्यांतल्या काहींना सत्त्याहत्तराव्या वर्षी तीच पुन्हा दिली, तर गुण बऱ्यापैकी जुळले. तेव्हापासून झोप लागत नाही. हे ८८ त्याला जन्मभर चिकटणार का? चाचणी पुन्हा करावी का, कोणत्या भाषेत, आणि किती दिवसांनी? शाळेला काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, मी मुलांच्या चाचण्या घेण्याचं काम करते. मूल न बघता निदान सांगणार नाही, पण अहवालाबद्दल बोलता येईल.

आधी ते ८८ बाजूला ठेवा. ७४ आणि १०२ यांची ती नुसती सरासरी आहे, आणि दोन भागांत २८ गुणांचं अंतर असताना सरासरी मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. या मापात १०० हा मध्य असतो, आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. म्हणजे जिथे भाषा कमी लागते तिथे तुमचा मुलगा अगदी मध्यावर आहे. शब्दार्थ आणि सामान्य माहिती हे भाग मूल कोणत्या भाषेत वाढलं यावर सरळ अवलंबून असतात. जिम कमिन्स यांनी कॅनडात स्थलांतरित मुलांचा अभ्यास केला. बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते, पण वर्गात विचार करण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना दिसलं. तुमच्या मुलाला एक वर्षही झालेलं नाही. त्या ७४ मध्ये बुद्धी किती आणि इंग्रजी किती हे वेगळं काढता येत नाही, आणि ही गोष्ट अहवालात लिहायलाच हवी होती.

आपल्याकडे हे फार आधीपासून ठाऊक आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल ते ओळखण्यासाठी. ती आपल्याकडे आणताना व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. मिसिक तर नागपूरच्या मॅलिन यांनीच १९६९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून तयार केली. पण दोन्हींचे मानदंड, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून बुद्ध्यांक काढतात ते आकडे, आता खूप जुने आहेत. पिढीगणिक चाचण्यांतले गुण वाढत गेले आहेत, दशकाला सुमारे तीन गुण. त्यामुळे जुन्या मानदंडांवरचा आकडा चढाही येऊ शकतो. १०२लाही म्हणूनच अगदी घट्ट धरून बसू नका.

स्कॉटलंडच्या मुलांची परीक्षा त्यांच्या शाळेच्या भाषेतच झाली होती. शिवाय गुण जुळले ते गटाचे. एकेका माणसाचे गुण बरेच वरखाली झाले होते. आणि शिक्षणाने गुण वाढतात, याचा पुरावा भक्कम आहे. २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर शाळेच्या दर जादा वर्षामागे १ ते ५ गुणांची वाढ दिसली.

तीच चाचणी लगेच करू नका. सरावाने गुण वाढतात, तेही कृतीच्या भागात जास्त. निदान वर्षभर जाऊ द्या. आत्ता हवीच असेल तर रेव्हनच्या रंगीत आकृत्यांची चाचणी करा, तिच्यात भाषा जवळजवळ लागत नाही. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या, हे फार जण विसरतात. आणि त्याला मराठी वाचायला द्या. मराठीत सरळ वाचत-लिहीत असेल, तर वाचनाच्या अक्षमतेची शंका पुष्कळ कमी होते. मराठीतही अडखळत असेल, तर मात्र त्याची वेगळी तपासणी हवी.

प्रतिसाद २

शाळेचं मी सांगतो, आम्ही यातून गेलो आहोत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिसरीच्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा दिली ती फक्त पाचवी आणि आठवीपुरती. मुख्याध्यापकांना हे लेखी द्या, भांडू नका. सोबत विनंती करा की वर्षभर तोंडी उत्तर हिंदीत चालू द्या आणि फळ्यावरचं उतरवायला थोडा जादा वेळ द्या. आमच्या मुलीच्या बाबतीत पहिल्या सहामाहीतच फरक पडला. घरी मराठी बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आम्हाला तो दोन जणांनी दिला होता.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काल त्याला दुसरीचं मराठी पुस्तक दिलं. दोन पानं न थांबता वाचली, आणि त्यातली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली. कानाच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे. केंद्राकडे चाचणीची भाषा आणि प्रत्येक उपचाचणीचे गुण लेखी मागितले आहेत.

आता एकच हवं आहे : हैदराबाद-सिकंदराबादमध्ये मराठी बोलणारे आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला माहीत आहेत का? नसतील तर उन्हाळ्यात वर्ध्याला जाऊ तेव्हा नागपुरात दाखवू. तिथलं कुणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा.