दुधात साखर नव्हे

कुणीतरी सुचवलंय की मुलांना आनुवंशिकता शिकवताना सांगावं, आईबाबांचे गुण दुधात साखर मिसळावी तसे मिसळतात. उपमा गोड आहे, पण चुकीची. विरघळलेली साखर वेगळी दिसत नाही. गुण मात्र एक पिढी लपून पुन्हा जसाच्या तसा वर येऊ शकतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच निघाली, मध्यम एकही नाही. त्यापुढच्या पिढीत ७८७ उंच, २७७ बुटकी.

सातवीतल्या भाचीसाठी मी भुलेश्वरहून एकाच मापाची लाल-पांढरी बटणं आणली. दोन वाट्या म्हणजे पहिल्या पिढीतली दोन झाडं, प्रत्येकीत निम्मी लाल (उंचीचा गुण), निम्मी पांढरी (बुटकेपणाचा). डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचलायचं, बघून परत टाकायचं. एक जरी लाल आलं तरी झाड उंच. बुटकी चौथा हिस्सा यायला हवीत; ४० जोड्यांत ११ निघाली. "मग बरोबर १० का नाही, मामा?" हाच प्रश्न हवा होता! म्हटलं, मेंडेलचंही नेमकं तीनास एक कुठे आलं होतं?

याबरोबर मुलांना पेशीही दाखवायची तर कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, केंद्रक ठळक दिसतं. गालाच्या पेशींचा नाद पहिल्या दिवशी नको, फार पसारा होतो.