पुरवठादार गुपचूप बाहेर काम देतोय हे आधीच कसं ओळखायचं?

खरेदी_विभाग:
तयार कपड्यांचा पुरवठादार निवडताना आम्ही ऑडिट अहवाल, एसए 8000 प्रमाणपत्र (फॅक्टरीत कामगारांना नीट वागवलं जातं याचं) आणि सही केलेली आचारसंहिता घेतो. पण ब्रँडचं नाव खराब होतं ते बहुतेक वेळा अशा युनिटमुळे, ज्याचा पत्ताही आपल्याकडे नसतो. पुरवठादार म्हणतो, सगळं काम आमच्याच छताखाली होतं. हे पडताळता येतं का? आणि खोटं निघालं तर ऑर्डर लगेच काढून घ्यावी का?

लाइन_बॅलन्स:
प्रमाणपत्राच्या भरवशावर राहू नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या फॅक्टरीला 2012 मध्ये एसए 8000 मिळालं आणि काही आठवड्यांतच, 11 सप्टेंबरला, आगीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिथे तर पत्ता माहीत असलेल्या फॅक्टरीतलंच दिसलं नाही, मग न दाखवलेल्या युनिटचं काय दिसणार?

ऑर्डर देण्याआधी क्षमतेचं गणित मांडा. शिलाई मशीन × मिनिटं × कार्यक्षमता ÷ एका नगाला लागणारी प्रमाणित मिनिटं. समजा 120 मशीन, 480 मिनिटं, 55 टक्के कार्यक्षमता आणि शर्टाला 20 मिनिटं: दिवसाला 1,584 नग, 26 दिवसांत सुमारे 41,200. रोज दोन तास ओव्हरटाइम धरला तरी 51,500च्या आसपास. तुमची ऑर्डर 60,000ची असेल आणि पुरवठादार बिनधास्त 'हो' म्हणत असेल, तर साडेआठ हजार नग कुठे शिवले जाणार, हे त्याला विचाराच. त्यातही त्या महिन्यात दुसऱ्या ग्राहकांचं काम किती आहे ते वजा करायला विसरू नका. नेमकं तेच बहुतेक जण विसरतात.

मशीन मोजताना हजेरीपटही बघा. मशीन 120 आणि ऑपरेटर 85 असतील तर गणित 85 वर करायचं.

ट्रिम_स्टोअर:
वरचं गणित ऑर्डरआधीचं. काम सुरू झाल्यावर सगळ्यात उपयोगी पडतो तो लेबलांचा हिशेब. दिलेली लेबलं = पाठवलेले नग + नापास नग + शिल्लक + वाया गेलेली. वाया जाणं 2-3 टक्के समजू शकतं, 5च्या वर गेलं की कारण लेखी मागा. लेबलं तुम्ही नेमलेल्या छापणाऱ्याकडूनच मोजून गेली पाहिजेत, नाहीतर या हिशेबाला अर्थ नाही.

सोबत कटिंग रजिस्टर आणि लाइनचं रोजचं उत्पादन जुळवा. कापलेले नग 3,000 आणि लाइनवर चढलेले 2,200 असतील तर उरलेले बंडल कुठे आहेत ते गोदामात जाऊन बघा. गेटवरची जावक नोंद आणि चलान शेवटी तपासा, कारण लपवायचं असेल तर तेच आधी स्वच्छ केलेलं असतं. तुटलेल्या सुयांची वही मात्र सहसा कुणी सजवत नाही. हजारो नग शिवले असं सांगून आठवडाभर एकही सुई तुटल्याची नोंद नसेल, तर एक तर वही खोटी आहे किंवा शिलाई तिथे झालेली नाही.

पुरवठा_साखळी:
दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ग्राहकाच्या बाजूचं कारण राहून गेलं. नमुना दोन आठवडे उशिरा मंजूर करायचा, मग रंग बदलायचा, आणि शिपमेंटची तारीख मात्र तीच ठेवायची. असं केलं की काम बाहेर जाणारच. उशिराचा दंड बाहेर काम देण्याच्या धोक्यापेक्षा महाग असेल तर पुरवठादार काय निवडेल, हे उघड आहे. म्हणून आपल्याकडून झालेला उशीर तितक्याच दिवसांनी तारखेत वाढवून द्या आणि हे करारात लिहा.

सापडल्यावर लगेच ऑर्डर तोडू नका. त्या युनिटमधले कामगार रस्त्यावर येतात आणि पुढचा पुरवठादार अधिक शिताफीने लपवायला शिकतो. आधी तिथे जाऊन इमारत, बाहेर पडायचे दरवाजे, कामगारांची वयं आणि थकलेले पगार तपासा. जिवाला धोका असेल तर काम त्याच दिवशी थांबवा, मजुरी चालू ठेवून. बालकामगार असेल तर नुसतं घरी पाठवणं पुरेसं नाही. शाळा आणि घरातल्या बुडालेल्या उत्पन्नाची सोय ठरवा. तारखांसह सुधारणा आराखडा द्या. तो पाळला नाही, तरच टप्प्याटप्प्याने बाहेर पडा.

आणि पडताळणी होईपर्यंत 'तिथे आमचं काम नव्हतं' असं जाहीर म्हणू नका. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा संबंध नाकारणाऱ्यांचीही लेबलं ढिगाऱ्यात सापडली.

खरेदी_विभाग:
क्षमतेचं गणित आणि लेबलांचा हिशेब याच ऑर्डरपासून लावतो. धुलाई आणि भरतकाम तर उघडपणे बाहेर जातं, त्याचं काय करावं?

ट्रिम_स्टोअर:
त्याला बंदी घालू नका, नोंदवून घ्या. प्रत्येक प्रक्रियेसाठी युनिटचा पत्ता, लेखी पूर्वपरवानगी आणि न कळवता भेट देण्याचा हक्क एवढं करारात हवं. धुलाईच्या बाबतीत सांडपाणी कुठे जातं हेही विचारा. नदीचं पाणी रंगलं की बोट ब्रँडकडेच दाखवलं जातं. 2007 मध्ये मॅटेलला शिशाच्या रंगामुळे खेळणी परत मागवावी लागली, तो रंगही मंजूर यादीबाहेरच्या पुरवठादाराकडून आलेला होता. म्हणून युनिटसोबत त्याच्या रसायनांची यादीही मंजूर करून घ्या.