नसरीन मोहम्मदींची रेखाटनं बघायची कशी?

अलिबागकरीण:
किहीम म्हटलं की आमच्याकडे सलीम अली आणि १९३० साली त्यांनी तिथे केलेला सुगरणींचा अभ्यास, एवढंच सांगतात. त्याच किहीममध्ये १९९० साली चित्रकार नसरीन मोहम्मदी वारल्या, हे परवा एका कॅटलॉगमध्ये वाचलं. जन्म १९३७, कराचीचा. शिक्षण लंडनला, मग मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूट या कलाकारांच्या अड्ड्यावर चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचा सहवास, १९७२ पासून बडोद्याला अध्यापन. कॅटलॉगभर शाईच्या आणि पेन्सिलीच्या नुसत्या रेघा. बहुतेकांना ना शीर्षक, ना साल. तरी पान उलटवत नाही. यात नेमकं काय बघायचं? आणि इतकी वर्षं या बाईंचं नाव आपल्या कानावर कसं आलं नाही?

जुना ड्राफ्ट्समन:
ताई, माझी उभी हयात ड्रॉइंग बोर्डावर गेली, म्हणून हाताचं सांगतो. रूलिंग पेनच्या दोन पात्यांत शाई भरायची, स्क्रू फिरवून जाडी ठरवायची आणि रेघ एका दमात ओढायची. मध्ये थबकलात की शाईचा थेंब साचतो. पेन जरा कललं की शाई पट्टीखाली शिरते आणि कागद वाया. बाईही आर्किटेक्टचीच अवजारं वापरायच्या. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या रेघांच्या जाळ्या घ्या. दोन रेघांमधलं अंतर कुठे दाटतं, कुठे सुटतं, त्यावर बोट ठेवून चला. सपाट कागदाला खोली येते. ऐंशीच्या दशकात जाळी गेलीच. कोऱ्या कागदावर दोन-चार तिरप्या रेघा, एखादी कमान, बस्स. आम्ही रेघ मारायचो ती भिंत नाहीतर तुळई दाखवायला. या रेघेवर असलं कुठलंच ओझं नाही. आणि हे सगळं मज्जासंस्थेच्या आजाराने हालचालींवरचा ताबा सुटत असताना! मला त्या रेघांत कुठे कंप सापडला नाही. अशा हाताला मी नमस्कार करतो.

बडोद्याचा माजी विद्यार्थी:
बडोद्यात शिकलेल्यांना त्या कधीच परक्या नव्हत्या, कलासमीक्षक गीता कपूरही त्यांच्यावर लिहीत होत्या. पण तेव्हा बोलबाला भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख यांच्या माणसांनी भरलेल्या चित्रांचा. बाईंनी काढलेले फोटो तर त्यांच्या हयातीत प्रदर्शनात लागलेच नाहीत. २००७ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात काम गेलं, २०१३ला दिल्लीत किरण नाडर संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, २०१६ला न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर संग्रहालय उघडलं ते त्यांच्या प्रदर्शनाने. मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी! याचं मला आजही वाईट वाटतं.

अलिबागकरीण:
काका, बोट ठेवून पाहिलं. आता मोबाइलवर बघते तर रेघा लहरताना दिसतात, तेही मुद्दाम केलंय का?

जुना ड्राफ्ट्समन:
नाही, तो स्क्रीनचा दोष. बारीक जाळी लहान करून दाखवली की अशी खोटी लहर उठते. कॅटलॉगच बरा. दिल्लीला जाणार असाल तर आधी संग्रहालयात फोन करा. उजेडाने कागद खराब होतो म्हणून अशी कामं बारमाही लावून ठेवत नाहीत.