मागच्या अंगणात हे काय उगवलंय? ओळखून द्या, तातडीचं आहे

चाफेकळी (बुधवार, सकाळ)
मागच्या अंगणात काहीतरी विचित्र उगवलंय. काल दिसलं, आज दुपटीने मोठं झालंय. जांभळट तपकिरी रंग, मधोमध सुरकुतलेला गोळा, भोवती चुणीदार झालर. पान एकही नाही. फोटो चढत नाहीये, सारखं 'फाइल मोठी आहे' येतंय. विषारी असतं का? उपटून टाकू का? रविवारी घरी माणसं येणार आहेत, त्याआधी सांगा. आणि कृपया 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

टवाळ
फोटोशिवाय झाड ओळखायचं म्हणजे पत्रिका न बघता छत्तीस गुण जुळवायचे.

परसबाग
गाव कुठलं? कुंडीत आहे की जमिनीत? ऊन किती येतं? मऊ आहे की कडक?

चाफेकळी
जमिनीत. ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे त्याच्या शेजारी. वीतभर उंच. हात लावून पाहिलेला नाही, लावणारही नाही. गाव कशाला हवंय? झाड ते झाड.

परसबाग
असं कसं? कोकणात पावलोपावली उगवणारं मराठवाड्यात बघायलाही मिळत नाही. गाव सांगा.

अण्णा_नाशिककर
भूछत्र आहे. वळीव पडला की कचऱ्याच्या खड्ड्याजवळ हमखास येतात. आमच्याकडे गेल्या वर्षी ताटाएवढं आलं होतं. चुना टाका, दोन दिवसांत जातं. मी सगळ्याला चुनाच टाकतो. मुंग्या, गोगलगायी, शेवाळ, काहीही असो.

चाफेकळी
बदलापूर. झालं समाधान?

रानभाजीवाला
बदलापूर म्हटल्यावर विषयच संपला. शेवळं आहेत, पावसाळी रानभाजी. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टेशनबाहेर आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं. नशीबवान आहात, अंगणात आलीय. वरचं आवरण काढा, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्या (तोच खाजतो), बाकीचं बारीक चिरून काकडांच्या रसात शिजवा. सोडे घातलेत तर काय सांगू!

टवाळ
ताईंनी विचारलंय विषारी आहे का. दादांनी फोडणीसुद्धा घातली.

जर्सीकर
वर्णन वाचून आठवलं. २०१६ साली न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ते सुमात्राचं राक्षसी फूल फुललं होतं, १९३९ नंतर पहिल्यांदाच. आम्ही मुलांना घेऊन रांगेत उभे होतो. माणसाहून उंच! पार्किंगचे पैसे मात्र विचारू नका. ते इथे येईल असं म्हणत नाहीये, सहज सांगितलं.

अण्णा_नाशिककर
माझ्या नातवाने तुमचं वर्णन मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये घातलं. रॅफ्लेशिया सांगतंय.

कुंभारमाशी
अ‍ॅपला बदलापूर कुठे आहे ते माहीत नसावं. रॅफ्लेशिया इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्सच्या जंगलांत, द्राक्षकुळातल्या रानवेलीवर बांडगुळासारखं वाढतं. खड्ड्याशेजारी मातीतून उगवायचं नाही.
चाफेकळीताई, एकच विचारते. वास येतो का?

चाफेकळी
वास काल संध्याकाळपासून घरभर आहे, पण तो वेगळा विषय आहे. कुठेतरी उंदीर मेलाय. यांनी माळा उपसला, गटाराचं झाकण काढून पाहिलं, शेजारच्यांशी शब्दाला शब्द झाला. सापडत नाही. मी झाडाबद्दल विचारतेय.

कुंभारमाशी
उंदीर शोधू नका, तुमच्या अंगणातच उभा आहे. आता दुसरा प्रश्न. पावसाळ्यात त्याच जागी एकाच देठावर उघडलेल्या छत्रीसारखं पान येतं का? देठ जाड, खरखरीत, त्यावर पांढुरके ठिपके?

चाफेकळी
ते येतं की, दरवर्षी येतं. चारेक वर्षं झाली. पाऊस सरला की पिवळं पडून आपोआप मरतं. रानटी आहे, म्हणून कधी लक्ष दिलं नाही. त्याबद्दल मी विचारतच नाहीये.

परसबाग
😂😂 हे पहिल्या ओळीत लिहायचं ना बाई!

कुंभारमाशी
सुरण आहे. छत्रीसारखं दिसतं ते सुरणाचं पान, आणि आता आलंय ते त्याच सुरणाचं फूल. दोन्ही सहसा एकाच वेळी दिसत नाहीत, म्हणून लोकांना ती दोन वेगळी झाडं वाटतात. पान पावसाळाभर अन्न तयार करून जमिनीतल्या गड्ड्यात साठवतं आणि जातं. अशी काही वर्षं गेली, गड्डा पुरेसा पोसला, की एखाद्या वर्षी पानाआधी फूल येतं. मेलेल्या जनावराचा वास मुद्दाम असतो, सडक्या मांसावर येणाऱ्या माशा आणि भुंगेरे यावेत म्हणून. गोळ्याच्या खाली, झालरीच्या आत पाहिलंत तर शेकडो बारीक फुलं दिसतील, खाली मादीफुलं आणि वर नरफुलं. मादीफुलं आधी तयार होतात, परागकण नंतर सुटतात. मादीफुलं तयार असतात तेव्हा वास सर्वांत जास्त. दोन-तीन दिवसांत ओसरेल, रविवारपर्यंत गेलेला असेल.
जर्सीकरांचं फूलही याच वंशातलं, थोरल्या घरचं.

रानभाजीवाला
शेवळंच आहेत. वास शेवळांनाही येतो. पन्नास वर्षं खातोय.

कुंभारमाशी
शेवळंसुद्धा याच वंशातली, म्हणून गफलत होते. पण शेवळाचा दांडा सडपातळ, उंच, टोकाकडे निमुळता. ताई सांगतायत सुरकुतलेला बसका गोळा आणि चुणीदार झालर. आणि तुम्ही खाता ती मिटलेली कोवळी शेवळं. पूर्ण उमललेलं, माशा बसलेलं कोणी चिरत नाही. शेवळं समजून हे शिजवलं तर घशात शंभर सुया टोचल्यासारखं होईल. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात त्यात.

टवाळ
खाईल त्याला खवखवे, ही म्हण उगाच नाही पडली.

रानभाजीवाला
काकडं घातली की खवखवत नाही. पुस्तकातलं ज्ञान आणि चुलीपुढचं ज्ञान वेगळं असतं.

कुंभारमाशी
माझी आई डहाणूची आहे. चूल मलाही माहीत आहे.

वैद्यबुवा_हौशी
सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न म्हणतात, म्हणजे मूळव्याध घालवणारा. गड्डा तुपात परतून ताकासोबत घ्यावा. कोणाला त्रास असेल तर व्यक्तिगत निरोप करा, इथे सगळ्यांसमोर लिहायला संकोच वाटत असेल.

टवाळ
संकोच धागा उघडल्यापासूनच गेलाय.

एक_आजी
मला सुरणाचे काप आवडतात. चिंचेच्या पाण्यात उकडून घ्यावे, तिखट मीठ, रव्यात घोळवून तव्यावर. चिंच नसेल तर आमसुलं. चिरायच्या आधी हाताला तेल लावायचं.

चाफेकळी
थांबा जरा. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, सुरणाला कोंब फुटला होता, तो तुकडा मीच पुरला होता तिथे. तुला सांगितलं होतं." मला सांगितलं नव्हतं. असो. आता उपटायचं की नाही? आमचा माळी उद्या येतोय, तो म्हणतो मुळासकट काढून देतो, दोनशे रुपये.

परसबाग
दोनशे रुपये तुम्ही द्यायचे आणि गड्डा तो नेणार! फूल आलं म्हणजे खाली चांगलाच पोसलेला असणार. हात लावू देऊ नका. फूल सुकेल, बहुतेक मागून पान येईल. ते पिवळं पडून आडवं झालं की दिवाळीच्या सुमारास खणा, कोंबाकडचा तुकडा परत पुरा. लहान मूल किंवा कुत्रा असेल तर तोंडात घालणार नाही एवढं बघा.

अण्णा_नाशिककर
चुना नको म्हणता मग?

परसबाग
नको.

चाफेकळी
पण रविवारी पुतणीला बघायला माणसं येतायत हो. वास राहिला तर काय सांगू, सुरण आहे म्हणून?

एक_आजी
पालथी बादली घाल. वर वीट ठेव.

कुंभारमाशी
बादली घातलीत तर माशा कशा येणार? इतकी वर्षं थांबून बिचारं एकदा फुललंय.

टवाळ
माशीताई, आधी पुतणीचं जमू दे. सुरणाचं नंतर बघू.

चाफेकळी (सोमवार)
वास शुक्रवारीच गेला, फूल मान टाकून पडलंय. तरी बादली घातली होती. मुलाच्या आजोबांनी हात धुवायला मागे गेल्यावर ती उचलून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "गड्डा केवढा आहे?" बाकी बोलणी पुढच्या रविवारी. फोटो आत्ता चढला, खाली टाकलाय.

रानभाजीवाला
फोटो पाहिला. हं. सुरण असेल.